तळटीप : रीळ क्रमांक अकरा

हमीद होडेकर तांडेलाच्या घरात जन्मला आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा. मिरकरवाड्यासारख्या मच्छीमार वस्तीत याहून वाईट खोड नाही. चोर असता तरी चाललं असतं, चोराला निदान वल्हं मारता येतं. बापानं सहा वर्षं त्याला सोबत नेला, लिंबू चोखायला दिलं, आलं दिलं, दंडाला ताईत बांधला. शेवटी एक दिवस धक्क्याला बांधलेल्या होडीत पोरगा ओकला, तेव्हा बाप म्हणाला, "हा जमिनीवरचाच आहे. याला कुठंतरी उभा करा." मामानं त्याला मुंबईला नेऊन एका थिएटराच्या मशीनच्या खोलीत उभा केला. तिथली जमीन हलत नव्हती. हमीद काम शिकला, परत आला आणि रत्नागिरीच्या सागरविलास टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून लागला.

पंचावन्न साली त्याला तिथं दहा वर्षं झाली होती. माणूस मोजकं बोलायचा. रीळ तुटलं की खाली अंधारातून हाका यायच्या, "हमीद, झोपलास काय मेल्या?" वरून उत्तर नाही. पण खोटं म्हणून त्याला खपत नसे. मालक आत्मारामशेठ दर शुक्रवारी पाटीवर 'आज शेवटचा दिवस' असं लिहायचे आणि शनिवारी तोच खेळ लावायचे. ती पाटी बाहेर टांगायचं काम हमीदनं एकदाही केलं नाही. "शेठ, शेवटचा असेल तेव्हा टांगतो," म्हणायचा. आत्मारामशेठ कपाळाला हात लावून स्वतःच शिडीवर चढायचे.

अशा माणसानं आयुष्यात एकदाच लबाडी केली आणि केली ती अशी, की सगळं रत्नागिरी तीन महिने फसलं.

झालं असं. हमीदची धाकटी बहीण फरीदा त्याच्याच घरी राहायची. तिचा नवरा नासिर जहाजावर आगवाला होता, बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं जहाज बसऱ्याहून निघालं आणि कुठंच पोचलं नाही. कंपनीचं इंग्रजी पत्र आलं, ते पोस्टमास्तरांनी वाचून दाखवलं. त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. आता बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे. मिरकरवाड्यात बेपत्ता झालेली माणसं चारचार वर्षांनी दाढी वाढवून आलेली आहेत. त्यामुळे घरात कुणी रडलं नाही, आणि हसलंही नाही. फरीदा जाळी विणायची, वहिनीला, म्हणजे कुलसुमला, भाकऱ्या थापू लागायची, आणि नासिरचा विषय निघाला की सगळे बाजारात बांगडा आलाय का ते बोलायचे.

मेच्या अखेरीस पावसाळ्याआधीची शेवटची बोट आली. तिच्यातून 'दर्यादिवा' नावाच्या बोलपटाचे अकरा डबे उतरले. वितरकाचे डबे बोटीनंच यायचे आणि बोटीनंच जायचे, म्हणजे सप्टेंबरात बोट सुरू होईस्तो रत्नागिरीला हाच एक खेळ. कुलसुमनं फरीदाला शुक्रवारी बायकांच्या बाजूला घेऊन जायचं ठरवलं. दोन वर्षांत पोर कुठं बाहेर पडली नव्हती.

हमीदची रीत होती, नवा खेळ आला की दुपारी एकट्यानं तो आधी चालवून बघायचा. कुठं जोड कच्चा आहे, कुठं फिल्मच्या कडेची भोकं फाटलीत, सगळं तपासायचा. तसा त्यानं 'दर्यादिवा' बघितला. गोष्ट अशी : एक खलाशी सफरीला जातो. चौथ्या रिळात तो परत येतो, चिमुरडी लेक धावत धक्क्यावर जाते, सासू पंगतीत मासे वाढते, आनंदीआनंद. पाचव्या रिळात लेक मोठी झालेली असते आणि बाप पुन्हा सफरीला निघतो. आठव्यात सासू मरते. दहाव्यात वादळ. आणि अकराव्यात माणूस येऊन सांगतो, जहाज बुडालं, कुणी वाचलं नाही. बायको दारातला दिवा फुंकून विझवते. समाप्त.

हे बघायला शुक्रवारी फरीदा येणार, हे हमीदच्या ध्यानात आलं. मग उठला. पातं घेतलं, अकराव्या रिळाच्या शेपटीचं 'समाप्त' तेवढं कापलं, आणि चौथ्या रिळाच्या शेवटाला चिकटवलं. चौथं रीळ उचलून दहाव्याच्या मागं ठेवलं. अकरावं डब्यात बंद करून डबा खुर्चीखाली सरकवला. शुक्रवारी खेळ झाला. वादळ झालं, आणि वादळानंतर शिटी वाजवत जहाज आलं, आणि खलाशी घरी आला. बायकांच्या बाजूनं असा काही आवाज उठला की आत्मारामशेठ आग लागली म्हणून धावत आले.

एकाच दिवसापुरतं करायचं असं हमीदच्या मनात होतं. पण शनिवारी पहिल्या दिवशीच्याच बायका शेजारणींना घेऊन आल्या. आता त्यांना काय सांगणार?

तुम्ही म्हणाल, लोकांना कळलं कसं नाही? अहो, कळायला काय झालंय! दहा वर्षांची लेक शेवटी एकदम चार वर्षांची दिसली, तर लोक म्हणाले, बापाच्या काळजीनं पोर खंगली. मेलेली सासू शेवटच्या पंगतीत मासे वाढताना दिसली, तर मांडवीच्या एका म्हातारीनं निकाल दिला, "मेली नव्हती ती. घेरी आली होती." मध्ये एक परतणं गाळलं गेलं म्हणून खलाशी दोनदा जाताना दिसायचा आणि येताना एकदाच, पण तेवढं तर मिरकरवाड्यातल्या प्रत्येक घरात होतं. पुढं खेळ बुधवार-शनिवार असा आठवड्यातून दोनदा ठेवला, तरी गर्दी हटेना. जयगडहून बायका भर पावसात एसटीनं आल्या. फरीदा नऊ वेळा आली. येताना बोलत यायची, जाताना गप्प जायची, आणि हमीदला वाटायचं, बरं केलं आपण. अल्ला माफ करील.

इथवर सगळं ठीक होतं. मग मध्ये आलं कॉलेज.

राही ही चांदेराईच्या केरू शेतकऱ्याची पोरगी. गावातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, आणि तीही नादारीवर, म्हणजे फी माफ होऊन. बापानं एका अटीवर पाठवली होती, की पोरीबद्दल एक वावगा शब्द कानावर आला तर त्याच दिवशी घरी. जुलैत मुंबईच्या एका मंडळानं कॉलेजच्या मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली : 'किनाऱ्यावरची स्त्री आणि प्रतीक्षा'. राहीनं लिहायला घेतलं, आणि ओव्यांचे, म्हणींचे, आजीच्या गाण्यांचे दाखले देऊन झाल्यावर तिनं 'दर्यादिवा'चा दाखला दिला.

तिचे प्राध्यापक सखाराम टेंबेकर हे तळटिपांचे माणूस. त्यांच्या घरी लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा साल, गाव आणि झाडाचा मालक लिहिलेला असे. त्यांनी निबंध वाचला आणि तीन दिवस विचार केला. सिनेमा हे साधन मानावं का? ग्रंथ नाही, शिलालेख नाही, बखर नाही. पण लाखो लोक बघतात, म्हणजे काहीतरी आहे. शेवटी त्यांनी निर्णय दिला, "चालेल. पण पृष्ठक्रमांक हवा."

"सर, सिनेमाला पानं नसतात," राही म्हणाली.

"मग जे असतं त्याचा क्रमांक आण. आणि जो माणूस ते हाताळतो त्याची सही आण. साधनाला रखवालदार असतो."

राही थिएटराच्या मागची लोखंडी शिडी चढून हमीदच्या खोलीत आली. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या वासानं तिला शिंक आली. तिनं वही पुढं केली. "हमीदभाई, तो घरी येतो ना शेवटी, धक्क्यावर लेक धावते, तो भाग कितव्या रिळात आहे? सरांना क्रमांक हवाय. निबंधात छापील यायचंय."

हमीद मशीन पुसत होता. चार म्हणावं, तर पोरगी विचारणार, चौथं रीळ शेवटी कसं? पोरगी हुशार, डोळ्यांतच दिसत होतं. आणि मग गोष्ट जिन्याखाली जाणार, जिन्याखालून बाजारात, बाजारातून घरी.

"अकरा," हमीद म्हणाला.

तिनं लिहिलं. खाली त्यानं सही केली, 'ह. होडेकर, ऑपरेटर'. ती "उपकार झाले हां, हमीदभाई," म्हणून खडखड शिडी उतरली. हमीदनं त्या दिवशी दुपारचा डबा उघडला नाही.

राहीनं त्या दाखल्यावर दीड पान लिहिलं होतं. 'दिग्दर्शकाने कन्येस पुन्हा बालरूपात व मृत सासूस पंगतीत दाखवून, प्रतीक्षा सुफळ झालेल्या घरात काळ मागे फिरतो असे सूचित केले आहे (रीळ क्र. ११).' टेंबेकरांनी शेजारी लाल शाईनं 'मार्मिक' असं लिहून दोन रेघा ओढल्या होत्या.

ऑगस्टात मुंबईहून पाकीट आलं. परीक्षकांनी लिहिलं होतं की सदर चित्रपट त्यांनी स्वतः दोन वेळा पाहिला असून अकराव्या रिळात नायक मेलेला आहे. कन्या बाल होत नाही. सासू उठत नाही. सबब विद्यार्थिनीने चित्रपट न पाहता पुरावा रचला आहे, सहीही बनावट दिसते, आणि महाविद्यालयाने याची योग्य ती दखल घ्यावी. प्राचार्यांनी दखल घेतली. आठ दिवसांत खुलासा, नाहीतर नादारी बंद आणि नाव पटावरून खाली.

केरू दुसऱ्याच दिवशी चांदेराईहून चालत आला. वसतिगृहातून पोरीची ट्रंक उचलली आणि अंगणात ठेवली. "आमी अडाणी म्हून खोटं बोलत नाय," तो म्हणाला, "आनि तू शिकून खोटं लिवलंस?"

"बाबा, मी पाहिलाय! चार वेळा पाहिलाय! तो येतो परत!" राही रडून लाल झाली होती.

आणि गंमत अशी, की सगळं गाव तिच्या बाजूचं. परत येत नाही म्हणजे काय? आम्ही डोळ्यांनी बघितलंय! मासळीबाजारात काशी नावाच्या बाईनं कोयता हातात घेऊन जाहीर केलं, की तो मुंबईचा परीक्षक इथं आला तर त्याला या कोयत्याची धार दाखवते. मांडवीच्या लोकांनी अर्ज केला, खाली एकशे चाळीस सह्या आणि साठ अंगठे. टेंबेकरांनी अर्ज वाचून घडी घातली. त्यांनी स्वतः तो बोलपट दोनदा पाहिला होता आणि त्यांचंही मत तेच होतं, पण ते म्हणाले, "माणसं किती आहेत याला महत्त्व नाही. साधन काय म्हणतं ते बघू. रविवारी सकाळी सगळ्यांसमोर अकरावा डबा उघडायचा. केरूदादा, तोवर ट्रंक आत ठेवा."

हमीदला हे आत्मारामशेठांनी सांगितलं. त्या दिवशी तो घरी आला आणि पडवीत कुलसुमजवळ बसून सगळं ओकला. या खेपेला होडी नव्हती.

कुलसुम तांदूळ पाखडत होती. पाखडून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे पोरीनं खरं तेच लिहिलं, आणि खोटं तुम्ही सही करून दिलंत."

"होय."

"मग विचार कसला करताय?"

"फरीदाचा."

कुलसुमनं सूप खाली ठेवलं. कारण विचार तोच होता. डबा उघडला नाही तर केरूची पोरगी जन्मभर खोटारडी ठरून चांदेराईच्या शेतात भात लावणार. उघडला तर आपल्या बहिणीला भर थिएटरात, दोनशे माणसांत, कळणार की तो आलाच नव्हता. एक वाट अशी होती, की चौथं रीळच अकराव्या डब्यात घालून दाखवायचं. कुणाला काय कळणार? पण तेवढ्यानं मुंबईचा परीक्षक ऐकणार नव्हता. आणि हमीदच्या पोटात आता दुसरी सही मावत नव्हती.

"तिला घरीच ठेव रविवारी," तो म्हणाला.

"ठेवते," कुलसुम म्हणाली.

कसली ठेवते! रविवारी फरीदा सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी. गावाची अब्रू आहे म्हणाली, मीपण साक्षीला येणार.

थिएटर भरलं होतं. पुढं प्राचार्य, टेंबेकर, राही आणि मांडीवर टोपी ठेवून केरू. हमीद कधी नाही तो मशीनची खोली सोडून खाली आला आणि पडद्यासमोर उभा राहिला. दहा वर्षांत लोकांनी त्याला असा उजेडात बघितला नव्हता. एकानं विचारलंसुद्धा, हा कोण?

"अकरावं रीळ तुम्ही कुणीच बघितलेलं नाही," हमीद म्हणाला. "मी ते लावलंच नाही. तुम्ही शेवटी बघता ते चौथं. मी मागं नेऊन लावलं. पोरीनं मला क्रमांक विचारला, तो मी खोटा सांगितला, आणि सही मीच केली. तिनं बघितलं तेच लिहिलंय. चूक सगळी माझी." एवढं बोलताना त्यानं एकदाही बायकांच्या बाजूला बघितलं नाही. सरळ शिडी चढून वर गेला आणि मशीन चालू केलं.

माणूस आला, जहाज बुडालं म्हणून सांगून गेला. बायको थोडा वेळ बसून राहिली. मग उठली आणि तिनं दिवा फुंकला. 'समाप्त' आलं नाही, ते हमीदनं कापलं होतं. नुसता पांढरा उजेड पडला आणि त्यात लोक एकमेकांची तोंडं बघत राहिले. काशी मोठ्यानं म्हणाली, "मेल्या हमीद!" आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

टेंबेकरांनी तिथंच मांडीवर कागद घेऊन खुलासा लिहिला. तळटीप त्यांनी बदलून दिली, ती कॉलेजच्या दप्तरात अजून असायला हरकत नाही : 'रीळ क्र. ४, रत्नागिरी येथे ऑपरेटर ह. होडेकर यांनी लावलेल्या क्रमाने अखेरचे.' पंधरा दिवसांनी मुंबईचं उत्तर आलं. बक्षीस दिलं नाही, पण विद्यार्थिनी निर्दोष आहे असं लिहून दिलं. शिवाय यापुढे चित्रपटाचा दाखला देणाऱ्याने तो कोणत्या गावी पाहिला हेही नमूद करावे, असा नवा नियम काढला. राही पटावर राहिली. आत्मारामशेठांनी हमीदला दोन दिवस शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, की बुधवारी कुठलं लावतोस?

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी लोक पांगले, हमीद रीळ मागं गुंडाळत होता, आणि शिडी वाजली. फरीदा. ती या खोलीत कधी आली नव्हती.

"भाय, हे माझ्यासाठी केलंस?"

हमीदनं मान डोलावली. तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

"तू त्याला बुधवारी आणायचास, शनिवारी आणायचास," फरीदा म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पीठ संपलंय म्हणून सांगावं तसा. "मी घरी यायचे आणि तुम्ही निजलात की दाराची कडी काढून ठेवायचे. म्हटलं, तिचा आला, मग माझा का नाही येणार? आणि कडी काढलेल्या दाराशी झोप लागते होय रे? वारा हलला तरी उठायचे. मे महिन्यापासून मी धड झोपलेली नाही, भाय."

हमीदचे हात रिळावरच थांबले. तीन महिने तो मनात म्हणत होता, बरं केलं आपण. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. फरीदा त्याच्याजवळ बसली.

"रडू नको. तू जीव लावलास, वाईट नाही केलंस," ती म्हणाली. "पण आता पुरे. मौलवीसाहेबांना निरोप दे. नासिरची फातिहा पढायची राहिलीय."

फातिहा मेलेल्याची पढतात; दोन वर्षांत त्या घरात हे वाक्य कुणी तोंडातून काढलं नव्हतं. हमीद डोळे पुसून उठला, मशीन बंद केलं आणि निरोप द्यायला गेला. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर फातिहा झाली. वस्तीतल्या सगळ्या बायका आल्या. फरीदानं हातातल्या बांगड्या स्वतः उतरवून कुलसुमकडे दिल्या आणि मग ती रडली. बाजारात बांगडा आलाय का, ते त्या दिवशी कुणी बोललं नाही.

त्या रात्री तिनं दाराला आतून कडी घातली. पहाटे फजरची अजान झाली, कोंबडे ओरडले, मासळीच्या होड्या लागून लिलावाचा कालवा सुरू झाला, तरी ती उठली नाही. हमीद दोनदा डोकावून गेला. तिसऱ्या वेळी कुलसुमनं त्याला दारातच अडवलं. "झोपू दे तिला," ती म्हणाली, आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांना पलीकडे हाकललं.